पिवळ्या शिधापत्रिकेवर कुत्रीची नसबंदी : एका अनुदानित केंद्राचा अनुभव

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींच्या कुत्रीची नसबंदी करून घेण्यासाठी गेल्या महिन्यात पुण्याच्या उपनगरातील एका केंद्रात मला त्यांच्यासोबत दोनदा जावे लागले. महापालिकेच्या निधीवर चालणाऱ्या या केंद्रात पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका दाखवणाऱ्यास पाळीव कुत्र्याची शस्त्रक्रिया ३०० रुपयांत करून मिळते. आमच्या भागातील खासगी दवाखान्याने त्याच कामाचे ६,५०० सांगितले होते, म्हणजे मावशींचा दोन घरांचा पगार. राणी वर्षातून दोनदा माजावर येते, त्यानंतर साधारण ६३ दिवसांनी पिल्ले होतात, आणि मागच्या खेपेच्या सहांपैकी चार नाल्याकाठी सोडावी लागली, हे मावशींनी मला सांगितले ते भांडी घासता घासता, मान वर न करता.

केंद्राच्या अर्जातला पहिलाच रकाना ‘मोकाट / पाळीव (लागू नसेल ते खोडावे)’ असा आहे. राणी रात्री मावशींच्या दारात झोपते, दिवसा वस्तीभर हिंडते आणि तीन घरांची भाकरी खाते. मावशी पेन हातात धरून म्हणाल्या, “ताई, काय खोडू?” खिडकीतल्या मुलाने ते ऐकले आणि तोच म्हणाला, “मावशी, पाळीवच राहू द्या. मोकाट म्हटलं तर कानाला खूण करून सोडावी लागेल.”

त्या खोडण्यावर बरेच काही अवलंबून असते. २००१ च्या नियमांच्या जागी आलेल्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव प्राण्याची जंतांची औषधे, लसीकरण आणि नसबंदी यांची जबाबदारी मालकावर आहे, तर मोकाट जनावरांची स्थानिक स्वराज्य संस्थेवर. पैसाही त्याच वाटेने जातो : केंद्र सरकारच्या सुधारित योजनेत कुत्र्यामागे ८०० आणि मांजरामागे ६०० रुपये मिळतात ते मोकाट जनावरांसाठी. ज्या कुत्र्याला मालक आहे पण मालकाकडे पैसा नाही, त्याला या मांडणीत जागाच नाही, आणि वस्तीतली निम्मी कुत्री नेमकी अशीच असतात. त्यांची पिल्ले पुढे मोकाट म्हणून मोजली जातात आणि मग त्यांच्यावर सरकारी खर्च होतो, हा हिशेब मला तरी उलटा वाटतो. या केंद्राने शिधापत्रिकेवर पाळीव जनावर घ्यायचे ठरवले, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू.

शस्त्रक्रियेबद्दल तक्रारीला जागा नाही. रात्री दहानंतर काही खाऊ घालू नये असे आदल्या दिवशी फोन करून बजावले होते. सकाळी वजन घेतले, ताप पाहिला, हिरड्यांचा रंग पाहिला आणि मगच भूल दिली. पोटावरची चीर दोन बोटांएवढी आणि टाके एकसारखे होते. गर्भाशय आणि बीजकोश दोन्ही काढल्यामुळे पुढे गर्भाशयात पू होण्याचे दुखणे टळते, हे डॉक्टरांनी मावशींना समोर बसवून सांगितले. माझ्याकडे पाहून नव्हे, त्यांच्याकडे पाहून, हे मला विशेष वाटले.

अडचण त्यानंतर सुरू होते. मोकाट कुत्री टाके सुकेपर्यंत केंद्रातच ठेवतात, पाळीव मात्र त्याच संध्याकाळी घरी पाठवतात. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे, बाहेर पाऊस, आणि टाके कोरडे ठेवण्याची सक्त सूचना, असा तो प्रकार होता. राणी चार रात्री आमच्या गॅलरीत राहिली म्हणून निभावले. गोळ्या बाहेरून आणाव्या लागल्या, त्यांचे ३८० रुपये झाले, आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायच्या कॉलरचे ३५०. शिवाय मावशींचे दोन दिवसांचे खाडे झाले ते वेगळेच. तीनशेची पावती अशी हजारावर गेली. घरी घ्यायच्या काळजीचा कागद इंग्रजीत होता. मी तो वहीच्या पानावर मराठीत उतरवून दिला, पण प्रत्येक राणीबरोबर कोणी ताई असेलच असे नाही.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९८० च्या दशकात सुरू झालेल्या योजनेत नसबंदी न झालेल्या कुत्र्याच्या परवान्यावर ३ डॉलर जादा आकारून तो पैसा या कामी लावला गेला, आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या मालकाकडून शस्त्रक्रियेचे फक्त १० डॉलर घेतले गेले. आपल्याकडे पाळीव कुत्र्याचा परवाना काढणारेच इतके थोडे की त्यातून असा निधी उभा राहील असे वाटत नाही. पण गोळ्या आणि कॉलर अनुदानात घेण्याएवढी रक्कम महापालिकेला जड नसावी. कॉलर तर धुऊन पुन्हा वापरता येते, ती अनामत घेऊन दिली तरी चालेल.

शस्त्रक्रियेला माझे पाचपैकी पाच गुण, नंतरच्या व्यवस्थेला दोन. जाणाऱ्यांनी शिधापत्रिकेची मूळ प्रत, लसीकरणाचा कागद आणि जुनी चादर बरोबर न्यावी. नोंदणीचा फोन सकाळी नऊनंतर सतत व्यग्र लागतो, त्यामुळे खिडकीवर जाऊन तारीख घेतलेली बरी. परतताना रिक्षा आधी ठरवून ठेवावी. भुलीतल्या कुत्रीला घ्यायला आम्हाला दोन रिक्षावाल्यांनी नकार दिला आणि तिसऱ्याने ती चादर पाहिल्यावरच होकार दिला.