ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा आवाज: निदान, योग्य एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि त्यानंतरचे काही महिने

आमची सेडान सेकंडहँड आहे. गिअरबॉक्स चार गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग), जुन्या धाटणीचा ऑटोमॅटिक. घेतल्यापासून दोन तक्रारी होत्या. ॲक्सिलरेटर दिला की समोरून कुंईऽऽ असा बारीक आवाज यायचा. आणि पन्नास-साठच्या वेगाला पाय हलका ठेवला की रस्त्यावरच्या रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी गाडी थरथरायची. एका गॅरेजने सरळ गिअरबॉक्स उघडायला सांगितलं, दुसऱ्याने नुसतं तेल बदलायला. दोघांपैकी कोणीही गाडी चालवून पाहिली नव्हती.

आवाज नेमका कुठला, हे ठरवल्याशिवाय खर्च करू नका, असं मी सगळ्यांना आग्रहाने सांगतो. तपासणी सोपी आहे. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, लिव्हर पार्कमध्ये. आता इंजिनाचा वेग हळूहळू वाढवा. आवाज इंजिनाबरोबर चढत असेल तर संशय तेलाच्या पंपावर, फिल्टरवर किंवा टॉर्क कन्व्हर्टरवर घ्यायचा, कारण गाडी उभी असली तरी हा पंप इंजिनाच्या जोरावर फिरतच असतो. उभ्या गाडीत शांतता आणि चालताना आवाज असेल, तर तो प्लॅनेटरी गिअरचा (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअरचा संच), डिफरन्शियलचा (चाकांना जोर वाटून देणारा भाग) किंवा चाकाच्या बेअरिंगचा. मोठ्या वळणावर एका बाजूला वळताना आवाज वाढतो आणि दुसरीकडे वळताना कमी होतो, तर आधी बेअरिंग तपासा. गिअरबॉक्सच्या नावाने ओरड झालेल्या कितीतरी गाड्यांत दोषी बेअरिंगच निघतं.

प्लॅनेटरी गिअर ओळखायची एक फार कामाची खूण आहे. बहुतेक चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये तिसरा गिअर एकास एक असतो. त्या वेळी प्लॅनेटरी संच अख्खा एकत्र फिरतो, दाते एकमेकांवर चालत नाहीत. म्हणजे पहिल्या-दुसऱ्यात आवाज आणि तिसऱ्यात गायब, तर तो प्लॅनेटरीचा. तिसऱ्यातही तसाच राहून गाडीच्या वेगाबरोबर चढत असेल, तर डिफरन्शियलकडे पाहावं. ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे चौथ्या गिअरचं, बटण बंद केलं की गाडी तिसऱ्यात धरून ठेवता येते, तेव्हा शांत रस्त्यावर काच खाली करून ऐका.

आमच्या गाडीत दोन आवाज निघाले. मोठा आवाज पार्कमध्येही यायचा, म्हणजे पंपाचा. दुसरा अगदी बारीक, फक्त पहिल्या-दुसऱ्यात.

मग डिपस्टिक. बहुतेक गाड्यांत एटीएफची पातळी इंजिन ऑइलसारखी इंजिन बंद करून बघत नाहीत. गाडी चांगली तापेपर्यंत चालवायची, सपाट जागी उभी करायची, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवून पार्कला आणायचा आणि इंजिन चालू ठेवूनच कांडी काढायची. आमच्याकडे तेल 'हॉट'च्या खुणेच्या बरंच खाली होतं आणि गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपचा जोड ओलसर होता. पातळी घसरली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि कुंई सुरू होते. पाइप आणि क्लिप बदलल्या.

कांडीवरच्या तेलाचा नुसता रंग बघून निकाल देऊ नका, वास घ्या. करपट वास म्हणजे क्लच जळताहेत. दुधाळ गुलाबी रंग दिसला तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी आत शिरलंय. ती गाडी पुढे चालवूच नये.

आता फ्लुइड. आधीच्या मालकाच्या बिलावर डेक्सरॉन थ्री हे एटीएफ लिहिलेलं होतं, आणि गाडीच्या पुस्तिकेत टी-फोर हे वेगळं एटीएफ, म्हणजेच जेडब्ल्यूएस ३३०९ मानक. दोन्ही तेलं लाल, जाडीही जवळपास सारखी, म्हणून 'चालतं हो' म्हणणारे खूप भेटतात. पण या गिअरबॉक्सचा लॉक-अप क्लच (टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) थोडा घसरू देत जोडला जातो, आणि त्या घसरण्यात घर्षण कसं राहील हे तेलातली रसायनं ठरवतात. तिथे जुळलं नाही की ती थरथर येते. डब्ल्यूएस हे टी-फोरच्या नंतरचं आणि बरंच पातळ एटीएफ आहे: १०० अंशांना टी-फोरची श्यानता (घट्टपणा) सुमारे ७ सेंटिस्टोक, तर याची सुमारे ५.५. नवं म्हणून जास्त चांगलं असा अर्थ काढून ते जुन्या गिअरबॉक्समध्ये ओतू नये. सीव्हीटीत (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) तर साधं एटीएफ अजिबात नको. तिथे पट्टा आणि पुली यांच्यात धातूला धातूने पकडावं लागतं, त्याचं तेलच वेगळं. आणि एएमटी म्हणजे क्लच-गिअर यंत्राने बदलणारा, पण मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स, त्यात गिअर ऑइल पडतं. डबा घेताना ब्रँडच्या आधी मानकाचा आकडा वाचा, आणि 'सर्व गाड्यांसाठी' या मोठ्या अक्षरांवर विसंबू नका.

मी ३३०९ स्पष्ट छापलेलं तेल घेतलं. मशीनने फ्लश करून घेतलं नाही, ड्रेन नटातूनच बदललं. यात टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल आतच राहतं. एका वेळी ४० टक्के बदललं असं धरलं, तर तीन वेळांनंतर सुमारे ७८ टक्के तेल नवं होतं. म्हणून मध्ये काहीशे किलोमीटर चालवून पुन्हा बदलत गेलो. पहिल्याच वेळी पॅन खोलून फिल्टर नवा टाकला. चुंबकांवर करडा, मऊ लगदा होता, तो नेहमीचा. बोटाला टोचणारे तुकडे सापडले असते तर तेलावर पैसे घालवलेच नसते.

पंपाचा आवाज पाइप आणि पातळी दुरुस्त होताच गेला. थरथर मात्र पहिल्या बदलानंतर फक्त कमी झाली. शेवटच्या बदलानंतर हळूहळू नाहीशी झाली आणि परत आलेली नाही. त्यानंतर पावसाळा गेला, उन्हाळ्यात सोलापूरच्या फेऱ्या झाल्या, खंबाटकीत चार माणसं आणि सामान घेऊन चढलो. उतारावर लिव्हर '२'वर टाकला की पकड लगेच मिळते, गिअर बदलतानाचा झटका गेलाय.

पहिल्या-दुसऱ्यातला बारीक आवाज तसाच आहे. झिजलेले दाते कोणतंही तेल भरून काढत नाही, आणि आवाज दाबायची बाटली ओतायला मी साफ नकार दिला, कारण त्याने त्याच लॉक-अप क्लचचं घर्षण पुन्हा बिघडू शकतं. मी महिन्यातून एकदा त्याच रस्त्यावर, काच खाली करून ऐकतो. आवाज वाढला किंवा पुढच्या वेळी पॅनमध्ये चकचकीत कण दिसले, तर गिअरबॉक्स उघडायचा, त्यासाठी पैसे वेगळे काढून ठेवलेत.