डेम्प्स्टर की डाल्टन?

व्हँकूव्हरच्या भाचीला जुलैत गाडीने आर्क्टिक महासागर गाठायचाय. कॅनडातला डेम्प्स्टर महामार्ग घ्यावा की अलास्कातला डाल्टन महामार्ग, हे ठरत नाहीये.

पेट्रोलची चणचण दोन्हीकडे. डेम्प्स्टरवर ईगल प्लेन्सचा पंप सुरुवातीपासून सुमारे ३७० किलोमीटरवर; डाल्टनवर कोल्डफूट ते शेवटचं ठाणं डेडहॉर्स जवळपास ३८५ किलोमीटर पंपच नाही. डेम्प्स्टरची धारदार खडी टायर फाडते, दोन स्टेपन्या हव्यातच. डाल्टनवर अवजड ट्रक दगड उडवत येतात.

खरा फरक शेवटाला. डेम्प्स्टरवरून पुढे, २०१७ पासून टक्टोयाक्टक गावाला आपल्या गाडीने थेट समुद्रकाठी जाता येतं. डेडहॉर्सपुढे मात्र तेलक्षेत्र, तिथून आधी नोंदवलेल्या सहलीच्या गाडीनेच जावं लागतं. शिवाय भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागेल.

समुद्र हवा आणि सुट्टी ऐसपैस असेल, तर डेम्प्स्टर. अलास्कातल्या फेअरबँक्स शहराहून ब्रूक्स पर्वतरांग पाहून परतायचं असेल, तर डाल्टन.