लॉरा व्हीआरएसला बसवलेला स्टेज किट क्लच (जास्त टॉर्कसाठी मिळणारा दणकट क्लच): वर्षभरानंतरचा अनुभव

गाडी २०१२ ची स्कोडा लॉरा व्हीआरएस, १.८ टीएसआय टर्बो पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीतून १६० पीएस आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क, आणि तो सगळा टॉर्क १५०० आरपीएमलाच हजर असतो. हे आधीच सांगतोय कारण टर्बो गाडीचा क्लच पहिल्यांदा घसरतो तो इथेच, खालच्या आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये. मी रिमॅप केल्यावर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवल्यावर, टॉर्क ३०० च्या पुढे गेला आणि दोन महिन्यांत खंबाटकी घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की आरपीएमचा काटा वर पळायचा आणि स्पीड तिथेच. ओरिजिनल क्लच आधीच ८० हजार किलोमीटर चाललेला, त्यात ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनला जोडलेलं, मधे स्प्रिंग असलेलं दोन भागांचं जड चाक, क्लचची प्लेट ह्यालाच दाबली जाते) गाडी बंद करताना खडखडायचं, त्यामुळे दोन्ही एकदमच बदलायचं ठरवलं.

बाहेरच्या एका कंपनीचं स्टेज किट घेतलं, एकसंध म्हणजे सिंगल मास फ्लायव्हील, क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी जड प्रेशर प्लेट आणि मधे स्प्रिंगवाली, मऊ पकडीची ऑरगॅनिक प्लेट. सिरॅमिकची बटणवाली प्लेट मुद्दाम टाळली, रोज पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये चालवायची गाडी आहे, सिग्नलला प्रत्येक वेळी झटका खात निघायला नको होतं. बसवणावळ धरून खर्च ८० हजार रुपयांच्या वर गेला. दसऱ्याच्या आधी ओळखीतल्या एका गॅरेजमध्ये बसवून घेतलं, पहिले ८०० किलोमीटर शहरातच हळू चालवली, सिग्नलवरून झपाट्याने निघणं नाही, फुल थ्रॉटल नाही, प्लेट नीट बसू दिली. त्यानंतर पकड एकदम मस्त! त्याच खंबाटकीत चौथ्यात २००० ला पूर्ण पाय दाबला तरी काटा आणि स्पीड बरोबरीने वर.

मग साधारण अडीच हजार किलोमीटरला सकाळी गाडी थंड असताना रिव्हर्स टाकला की कर्रर्र आवाज यायला लागला. आधी वाटलं माझाच पाय पूर्ण जात नसेल. पण चार हजारापर्यंत पहिला गिअरही सिग्नलला अडायला लागला, कधी कधी तर इंजिन बंद करून गिअर टाकायचा आणि मग स्टार्टर मारायचा. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, स्टेज क्लच आहे, असाच कडक असतो, ब्लीडिंग करून देतो." दोनदा ब्लीडिंग झालं, म्हणजे क्लचच्या ऑइल लाईनमधली हवा काढली, मग गिअरबॉक्सकडे क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर नवीन टाकला, फरक शून्य. शेवटी गॅरेजवाल्याचा निकाल आला की किटच खराब आहे, कंपनीला परत पाठवा.

मला ते पटेना, कारण क्लच घसरणं आणि क्लच न सुटणं हे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक दोन्हीला "क्लच गेला" एवढंच म्हणतात. माझा घसरत अजिबात नव्हता, म्हणजे पकड शाबूत. तो सुटत नव्हता, पेडल पूर्ण दाबल्यावरही प्लेट फ्लायव्हीलला थोडी चिकटून गिअरबॉक्सला फिरवत राहायची, म्हणूनच रिव्हर्स कर्रकर्र करतो. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडायचे, म्हणजे गिअर लिव्हर आणि केबलमध्ये काही नाही. मग पेडल दोन-तीनदा पंप करून गिअर टाकून बघितला, लाईनमध्ये हवा असती किंवा पेडलकडचा मास्टर सिलिंडर ढिला असता तर पंप केल्यावर सुधारायला हवं, सुधारलं नाही. पेडल अर्धा मिनिट दाबून धरलं, खाली बसत गेलं नाही. ह्या गाडीत क्लच आणि ब्रेकचं ऑइल एकाच टाकीतून जातं, टाकीची पातळी महिनाभर रोज बघितली, जागची हलली नाही, खाली कुठे ओल नाही. म्हणजे हायड्रॉलिक ठीक, जे काही आहे ते गिअरबॉक्सच्या घंटीच्या आत, म्हणजे क्लच झाकणाऱ्या घंटीच्या आकाराच्या कव्हरमध्ये.

शेवटची टेस्ट भोसरीतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे केली. पुढची दोन्ही चाकं स्टँडवर घेतली, मागच्या चाकांना ओंडके, हँडब्रेक पूर्ण ओढलेला (हे नुसत्या जॅकवर कधीच करू नका, जिवाशी खेळ आहे). इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबलेला, पहिला गिअर. चाकं फिरत राहिली. थोडी हलली आणि ब्रेकला टेकताच थांबली तर चालतं, माझी ब्रेक हलका दाबला तर इंजिनाला ओढ लागायची. मिस्त्री तेवढं बघून म्हणाले, "उतरवावा लागेल."

गिअरबॉक्स खाली आला तेव्हा मी तिथेच उभा होतो आणि माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की तुम्हीही उभे राहा. फ्लायव्हीलवर निळे डाग नाहीत, जळल्याचा वास नाही, प्लेटवरचं घासणारं लायनिंग जवळपास नव्यासारखं, ऑइल सील कोरडे. म्हणजे किट तापलंच नव्हतं. मग मिस्त्रींनी प्लेट हातात दिली आणि म्हणाले, बोट घाला आत. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकणाऱ्या मधल्या हबचे दाते एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने निमुळते झाले होते, बोट फिरवलं की चढ-उतार सरळ कळायचा. हब हलवला तर रिव्हेट ढिले, आणि लायनिंगच्या खालच्या लाटेसारख्या पातळ पत्र्यांपैकी एकाला तडा. असली प्लेट शाफ्टवर सरळ सरकणारच नाही, वाकडी अडकून बसणार आणि फ्लायव्हीलला घासत राहणार. पण पाच महिन्यांत दाते असे झिजतात कसे?

मिस्त्रींनी टॉर्च इंजिनच्या तोंडावर धरला. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत बसावेत म्हणून मधे दोन पोकळ डॉवेल असतात, बोटाच्या पेरापेक्षा लहान नळीसारखे. एका भोकात डॉवेल होता, दुसऱ्यात नुसती गंजाची गोल कड. पहिल्यांदा गिअरबॉक्स उतरवला तेव्हा तो कुठेतरी पडला असणार आणि कोणी बघितलं नाही. बोल्ट सगळे होते, घट्ट होते, पण बोल्ट फक्त आवळतो, जागा ठरवतो तो डॉवेल. बोल्टच्या भोकात असलेल्या जराशा मोकळ्या जागेमुळे गिअरबॉक्स एका बाजूने किंचित खाली बसला, आणि मग प्रत्येक फेऱ्याला प्लेटचा हब शाफ्टवर तिरका ओढला जात राहिला, मिनिटाला तीन-तीन हजार वेळा, पाच महिने. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, ऐंशी हजारांचं काम नाना पेठेत पाचशेच्या आत मिळणाऱ्या नळीपायी गेलं.

शाफ्टचे दाते नशिबाने वाचले होते. प्लेट आणि प्रेशर प्लेट त्याच किटची नवीन घेतली, विकणाऱ्याने फिटिंगचा दोष म्हणून वॉरंटी दिली नाही, आणि फोटो बघितल्यावर त्याचं म्हणणं मला बरोबर वाटलं. फ्लायव्हील मोजून तेच ठेवलं पण त्याचे बोल्ट नवीन टाकले, हे ताणले जाणारे बोल्ट आहेत, ६० न्यूटन मीटर लावून वर ९० अंश फिरवायचे असतात, एकदा काढले की परत वापरायचे नाहीत. पहिल्या वेळी जुनेच वापरले होते हेही तेव्हाच कळलं. दात्यांवर ग्रीस अगदी पुसट लावलं, जास्तीचं उडून लायनिंगवर गेलं की गाडी निघताना थरथरते.

आता ह्या दुसऱ्या सेटवर आठ महिने आणि ९ हजार किलोमीटर झालेत. पकड पहिल्या दिवसासारखी आहे, थंड गाडीत रिव्हर्स आवाज न करता पडतो. त्रास सांगायचे तर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्समधून बारीक खळखळ येते आणि पेडल दाबलं की थांबते, सिंगल मास फ्लायव्हीलला हे येतंच, बिघाड नाही. पेडल दाबल्यावर जर आवाज सुरू झाला तर मात्र रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारं बेअरिंग) बघा. पेडल ओरिजिनलपेक्षा बरंच जड आहे, चांदणी चौकात तासभर अडकलो की डावा गुडघा बोलतो, घरात दुसरं कोणी ही गाडी चालवत असेल तर त्यांना आधी ह्याच किटच्या गाडीत बसवून बघा. आणि रिमॅप केलेला नसेल तर हे किट घेऊच नका, ओरिजिनल क्लच २५० साठी पुरेसा आहे आणि चालवायला कितीतरी मऊ.

झिजलेली प्लेट मी ठेवून दिलीये. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या ऑक्टाव्हियालाही रिव्हर्सला तसाच आवाज सुरू झालाय, रविवारी तो गाडी घेऊन भोसरीला येतोय.