उन्डेलो ते विल्झेडे घोडागाडी: पाचपैकी साडेचार
सोलापूरची बरीच पोरं आता जर्मनीत आहेत आणि आईवडील भेटायला गेले की म्युनिक, बर्लिन करून परत येतात, त्यांना माझं एवढंच सांगणं की हॅम्बुर्गला गेलात तर दक्षिणेला ल्युनेबुर्ग हाइड या माळरानातलं उन्डेलो चुकवू नका. अगदी छोटं गाव, आजूबाजूला जंगल, दगडाचं जुनं चर्च आणि तिथनं सुटणाऱ्या घोडागाड्या.

पुढं विल्झेडे गावाला पर्यटकांची कार नेता येत नाही, चालत जा, सायकलनं जा नाहीतर घोडागाडीत बसा. गाडी निवांत चालते, दोन्ही बाजूला गुडघ्याएवढी जांभळी झुडपं, मधेमधे जुनिपर, बर्च. रस्ता वाळूचा अन् दगडांचा त्यामुळं धक्के बसतात, कंबरदुखी असेल तर पुढची सीट मागून घ्या, अर्धा मार्क तेवढ्यासाठी कापला.

मला सगळ्यात भारी वाटली ती मेंढरं. हायडश्नुके म्हणतात, करडी, शिंगवाली, काळ्या तोंडाची. हा माळ माणसानं आणि मेंढरांनीच केलाय, शेकडो वर्षं जंगल तोडून, चारून, वरची माती खरवडून गोठ्यात अंथरून. चराई थांबली की बर्च आणि पाइन उगवतात अन् माळ जातो, म्हणून तिथं मेंढपाळाला मुद्दाम जपतात. १९०६ मध्ये बोडं नावाच्या पाद्र्यानं देणगीच्या पैशातनं टोटनग्रुंड दरी विकत घेऊन वाचवली, पुढं निसर्ग जपणाऱ्या एका संस्थेनं १९१० मध्ये विल्झेडर बेर्ग टेकडी घेतली. टेकडी फक्त १६९ मीटर पण वरनं लांबपर्यंत दिसतं, चढाच. सोलापूरजवळचा नान्नजचा माळ बघितलेल्या माणसाला हे आतून कळतं, कारण आपल्याकडं माळ म्हणजे पडीक समजून झाडं लावायला धावतात आणि धनगरालाच हाकलतात, मला खरंच वाईट वाटतं त्याचं.

खायला बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाचा क्रीमवाला केक मिळतो, अंडं असतं, न खाणाऱ्यांनी आधीच विचारावं. मध घ्याच, दाट आणि जरा कडवट.

फुलं ऑगस्ट ते सप्टेंबरच्या सुरुवातीलाच, इतर वेळी सगळं तपकिरी. १५ जुलै ते १५ ऑक्टोबर हाइड-शटल बस फुकट फिरते, सायकलपण नेता येते. शनिवार-रविवारी तुफान गर्दी, सकाळी लवकर पोचा.