चर्मपत्रावर सोन्याचा वर्ख : पारंपरिक गेसोचा आठ महिन्यांचा अनुभव

गेले आठ महिने मी वासराच्या कातड्याच्या चर्मपत्रावर, मध्ययुगीन युरोपातील हस्तलिखितांच्या पद्धतीने, सोन्याचा वर्ख लावत आहे. या काळात चाळीसेक मोठी अक्षरे करून झाली आणि त्यांतली पहिली पंधरा खरवडून टाकावी लागली. सुरुवातीला सगळा धसका वर्खाचा होता, कारण तो मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाइतका पातळ असतो आणि नुसत्या श्वासानेही घडी पडून वाया जातो. आता मात्र असे वाटते की वर्ख बसवणे हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे; खरी परीक्षा त्याखालच्या गेसोची आणि हवेतल्या दमटपणाची असते.

गेसो म्हणजे अक्षराला उठाव देणारा आणि वर्ख धरून ठेवणारा थर. त्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस भरपूर पाण्यात सोडून सुरुवातीला तासभर सतत आणि पुढे महिनाभर रोज ढवळावे लागते. असे केल्याने त्याची गोठण्याची शक्ती मरते आणि लोण्यासारखा मऊ, बारीक गाळ उरतो. हा महिना वाचवण्याचा मोह मला झाला होता व दहाव्या दिवशीच मी तो गाळ वापरून पाहिला. घोटल्यावर सोन्यावर आलेली रवाळ झाक पाहून पुन्हा ती घाई केली नाही. माझे प्रमाण असे स्थिरावले : वाळवलेल्या गाळाचे आठ भाग, सफेता तीन भाग, साखर एक भाग, माशाचा सरस एक भाग आणि रंग दिसण्यापुरती चिमूटभर तांबूस आर्मेनियन माती. सफेता शिशाचा असल्याने विषारी आहे, म्हणून तो कोरडा कधीच खलत नाही, तोंडावर मास्क असतो आणि काम संपले की पाटा ओल्या फडक्याने पुसून घेतो. सफेत्याऐवजी टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग घालूनही दोन घाणे केले. त्यांना चकाकी जवळजवळ तेवढीच आली, मात्र लेखणीतून उतरताना मिश्रण थोडे अडखळत होते. घरात लहान मुले असतील तर मी बेधडक दुसरा पर्याय सुचवेन.

हे सारे काचेच्या पाट्यावर काचेच्याच वरवंट्याने किमान तासभर खलून, छोट्या टिकल्या पाडून वाळवून ठेवले की महिनोन्‌महिने टिकते. मधल्या काळात एका विक्रेत्याकडून तयार टिकल्याही मागवल्या होत्या. त्या इतक्या कडक निघाल्या की कितीही ओलसर श्वास दिला तरी त्यांना चिकटपणा येईना. साखर कमी पडली असावी असा माझा अंदाज आहे. स्वतः केलेल्या टिकलीत काय आणि किती आहे हे निदान ठाऊक तरी असते.

चर्मपत्राच्या तयारीत विशेष काही नाही. प्युमिसची (सच्छिद्र ज्वालामुखी दगडाची) पूड चोळून तेलकटपणा काढला आणि ती नीट झटकली की झाले. त्यानंतर टिकली पाण्याच्या काही थेंबांत, न ढवळता, सावकाश भिजू द्यायची. ढवळले की बुडबुडे येतात आणि एकेका बुडबुड्याचा पुढे सोन्यात खळगा होतो. मी लवंगेच्या तेलात बुडवलेली सुई बुडबुड्याला नुसती टेकवतो. जुने कारागीर बुडबुडे मोडायला कानातला मळ वापरत असत. तो प्रयोग मी केलेला नाही. गेसो पिसाच्या लेखणीने सोडताना थेंब ओला असेतोवर पुढे ओढत न्यावा लागतो, कारण मध्ये थांबले तर तिथे सांधा दिसतो.

रात्रभर वाळल्यावर वक्र पात्याने पृष्ठभाग हलका तासून घेतो. मग बांबूच्या वीतभर नळीतून त्या अक्षरावर खोल, उबदार श्वास चार-पाच वेळा सोडायचा. फुंकर नव्हे, आरशावर वाफ धरावी तसा श्वास. श्वासातल्या ओलाव्याने साखर क्षणभर चिकट होते, आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत वर्ख टेकवून, वर ग्लासीन हा गुळगुळीत, पातळ कागद ठेवून, बोटाने दाबावा लागतो. चिकटलेल्या जागी कागदाखालून गेसोच्या कडा स्पष्ट उमटतात. न चिकटलेल्या जागी कागद उचलताच तांबूस ठिपके दिसतात व तिथे पुन्हा श्वास द्यावा लागतो. शुद्ध सोने सोन्याला धरते, म्हणून दुसरा वर्ख सहज बसतो. मग आधी कागदावरून आणि अर्ध्या तासाने थेट सोन्यावर, सुळ्याच्या आकाराची अकीकाची घोटणी फिरवायची. पूर्वी यासाठी कुत्र्याचा खरा सुळाही वापरत. पहिल्या काही फेऱ्यांत सोने मंद पिवळे असते, आणि मग एकदम काळसर दिसू लागते, कारण त्यात समोरची अंधारी भिंत उमटू लागलेली असते.

माझी सर्वांत मोठी फजिती घाईतूनच झाली. एका पावसाळी दुपारी गेसो आतून ओलाच होता, मी घोटणी जोरात दाबली आणि अर्धे अक्षर सोन्यासकट सोलून तिला चिकटून आले. तेव्हापासून टेबलावर आर्द्रतामापक ठेवला आहे. माझ्या नोंदींनुसार ४५ टक्क्यांखाली वर्ख धरत नाही, ५५ ते ६५ मध्ये काम उत्तम होते आणि ७५ च्या पुढे घोटण्याचा विचारही करू नये. कोरड्या दिवसांत साखर किंचित वाढवावी असा सल्ला अनेक जण देतात. मी ते करून पाहिले, पण ते पान दमट दिवसांत समोरच्या पानाला चिकटू लागले. त्यापेक्षा पहाटे, हवा दमट असताना, काम करणे मला परवडते.

अमोनियाक नावाचा वनस्पतीचा डिंक आणि फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचे पाणी हे दोन पर्यायही शेजारी वापरले. डिंकाला उग्र वास येतो आणि अक्षराला उठाव अजिबात मिळत नाही, पण बारीक वेलबुट्टीसाठी तो गेसोपेक्षा कितीतरी विश्वासू आहे आणि पान वाकवले तरी तडकत नाही. अंड्याच्या पाण्याशी माझे जमले नाही. ज्या कामाला आरशासारखी झळाळी आणि फुगीर कडा हवी, तिथे मात्र गेसोला तोड नाही.

एक क्रम चुकवू नये : आधी सोने, मग रंग. उलट केले तर वर्ख रंगावरही चिकटतो आणि घोटणीने रंग फासला जातो.

सुरुवातीच्या यशस्वी अक्षरांपैकी दोन जाड थरांची अक्षरे पाने उलटताना तडकली. थर पातळ केल्यावर, म्हणजे नखाच्या जाडीहून कमी ठेवल्यावर, पुढची सगळी अक्षरे आजपर्यंत शाबूत आहेत. सध्या नव्या प्लास्टरचे भांडे ढवळण्याचा एकोणिसावा दिवस चालू आहे.