कोलिन्स्की म्हणून गळ्यात मारलेले तीन ब्रश

आसईच्या लढाईतली शिंद्यांची कवायती पलटण मी गेलं वर्षभर रंगवतोय. जालना जिल्ह्यातल्या आसईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेशी भिडलेले हे शिपाई माझ्या टेबलावर २८ मिलिमीटर उंचीचे छोटे पुतळे आहेत. लाल डगले, निळ्या पगड्या. डगल्याचा लाल सपाट दिसू नये म्हणून मी ग्लेझिंग शिकायला घेतलं. रंग इतका पातळ करायचा की खालचा थर दिसत राहील, आणि असे सहा-सात थर सावलीच्या दिशेनं ओढत न्यायचे. ब्रश जिथे उचलाल तिथे रंग साठतो, सगळी गंमत त्यातच आहे.

या कामाला कोलिन्स्की सेबलचा ब्रश जगभर नावाजलेला. सायबेरियन विझल नावाच्या प्राण्याच्या शेपटीचे हे केस. ब्रशचं पोट भरपूर पाणी धरतं आणि टोक मात्र सुईसारखं राहतं. बाहेरून मागवलेला चांगला, एक नंबर मापाचा ब्रश मला दीड-दोन हजारांच्या घरात पडतो. म्हणून छंदवाल्यांच्या एका ग्रुपवर ‘कोलिन्स्की, थेट कारखान्यातून, शून्य-एक-दोन नंबर, तिन्ही मिळून १,८०० रुपये’ अशी जाहिरात दिसली तेव्हा मी लगेच मेसेज केला. फोटोत विलायती डबी होती. माणूस बोलायला अदबशीर, रंगाबद्दल जाणकार. यूपीआयनं पैसे पाठवले आणि पाचव्या दिवशी पार्सल आलं. डबी नव्हती, साध्या प्लास्टिकच्या नळीत तीन ब्रश होते. ‘डबीचा खर्च वाचवला म्हणून भाव कमी,’ असं तो म्हणाला आणि मला ते पटलं.

आपण सगळे नवा ब्रश तपासतो तसा मीही तपासला. पाण्यात बुडवून झटकला, टोक जुळलं. नखावर दाबून सोडला, केस झटकन सरळ झाले. सिंथेटिक नाही हे नक्की होतं, म्हणून मी निर्धास्त झालो. फसगत होते ती इथेच.

पुढचे तीन आठवडे ग्लेझ काही केल्या जमेना. डगल्याच्या पाठीवर ब्रश अर्ध्यात कोरडा पडायचा आणि थर वाळला की कडेला डाग उमटायचा, फरशीवर सांडलेला चहा वाळल्यावर कडा राहते तसा. मला वाटलं माझंच प्रमाण चुकतंय. एकास तीन पाणी, एकास पाच, मग रंग पातळ करणारं ग्लेझ मीडियम, मग रंग उशिरा वाळवणारं रिटार्डर. रंग ओला ठेवणाऱ्या वेट पॅलेटचा कागद बदलला. एप्रिलचा पुण्याचा उकाडा, तरी पंखा बंद ठेवून रंगवलं. नऊ शिपाई पुन्हा प्रायमरपासून, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरापासून केले. हात शिकाऊ असताना माणूस हत्यारावर संशय घेत नाही, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

माझी थोरली बहीण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. ती आली होती तेव्हा भिंगाच्या दिव्याखाली दोन नंबरचा ब्रश पडलेला होता. तिनं तो उचलला आणि बराच वेळ बघत राहिली.

“हा कुठून आणलास?”

“कोलिन्स्की आहे, ताई.”

“अरे, नीट बघ. टोक गडद, मधे पिवळट पट्टा, मुळाशी परत गडद. हे मुंगसाचे केस आहेत.”

खऱ्या कोलिन्स्कीचा केस सोनेरी-तांबूस असतो आणि त्यावर असे पट्टे नसतात. माझ्या तिन्ही ब्रशांवर तो पट्टा साध्या डोळ्यांनीही दिसत होता, फक्त मी त्या नजरेनं कधी पाहिलंच नव्हतं. मुंगसाचा केस ताठ आणि टिकाऊ असतो, टोकही धरतो, त्यामुळे झटकायच्या परीक्षेत तो पास होतो. पण पाणी सेबलइतकं धरत नाही. माझे डाग त्यामुळेच पडत होते.

पैसे गेले त्याहून मला हे जास्त लागलं. आपल्या देशात मुंगसाच्या सहा जाती आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. त्यांच्या केसांचे ब्रश विकणं, नुसते जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे, त्याला तुरुंगवास होऊ शकतो. तरी हा धंदा चालतो. उत्तर प्रदेशातलं शेरकोट ब्रशच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे, आणि मुंगसाच्या केसांवरच्या धाडींत त्याचं नाव वारंवार आलं आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोनं ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावानं देशभर कारवाई केली ती याच ब्रशांवर. आमच्या आजोळी परसात मुंगसाची जोडी यायची, आजी त्यांना हुसकू देत नसे. मी नऊ डगले कशानं रंगवले हे कळल्यावर त्या रात्री टेबलाशी बसवलंच नाही.

विकणाऱ्याला फोटो पाठवला. आधी म्हणाला, “सर, इंडियन कोलिन्स्की असंच असतं.” असा काही प्रकार नाही, कुणी हे शब्द वापरले तर तिथेच थांबा. मुंगूस हा शब्द मी लिहिताच त्यानं ब्लॉक केलं. १९३० वर सायबर तक्रार नोंदवली. ब्रश कचऱ्यात टाकू नका असं ताईनं बजावलं होतं, म्हणून वनविभागाच्या १९२६ वर फोन करून विचारलं आणि त्यांनी सांगितलेल्या कार्यालयात तिन्ही ब्रश लेखी अर्जासह जमा केले.

तुमच्या डब्यात ‘सेबल’ म्हणून स्वस्तात आलेला ब्रश असेल तर आज उजेडात धरून पट्टा बघा. घेण्याआधी विकणाऱ्याकडून डबीचा नको, केसांचा जवळून काढलेला फोटो मागा. खरा माल असलेला दुकानदार तो देतो आणि बिलही देतो.

सध्या मी सिंथेटिक वापरतोय. महिन्याभरात टोक आकड्यासारखं वळतं, मग तो ब्रश ड्रायब्रशिंगला, म्हणजे जवळजवळ कोरड्या रंगानं उठाव घासायला जातो आणि नवा काढतो. ग्लेझचे डाग बऱ्यापैकी थांबलेत. १,८०० रुपये अजून परत आलेले नाहीत. गेल्या आठवड्यात एका दुसऱ्या ग्रुपवर तीच जाहिरात दिसली, नाव नवं, फोटो आणि डबी तीच, भाव आता १,५००. स्क्रीनशॉट काढून दोन्हीकडे पाठवलाय.