पालक मातीत करावा की पाण्यावर?

मावळात आमची पालेभाजी वर्षानुवर्षे उघड्या रानात होती. गेली तीन वर्षे त्यातल्या पाच गुंठ्यांवर पॉलिहाऊस उभे आहे आणि त्यात पालक व लेट्यूस पाइपमधल्या वाहत्या पाण्यावर घेतो. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालू असल्याने, निवड करू पाहणाऱ्यांना माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

हायड्रोपोनिक्सची, म्हणजे मातीविना पाण्यावरच्या या शेतीची, बाजू मांडताना पाण्याची बचत सर्वांत आधी सांगितली जाते. ती खरीच आहे, कारण पाइपमधून आलेले पाणी पुन्हा टाकीत जाते. पण पावसाळ्यात ज्याच्या बांधावरून पाणी वाहते, त्याला हे कारण फारसे पटत नाही. मला पटवले ते चिखलाने. जुलैत पावसाचा जोर वाढला की थेंब वाफ्यावर आपटतो आणि उडालेली माती पानांच्या खालच्या बाजूला चिकटते. नुसती झटकून ती जात नाही, जुडी धुवावीच लागते. धुतली की देठांच्या बेचक्यात पाणी राहते आणि पहाटे पुण्यातल्या गुलटेकडीच्या बाजारात पोहोचेपर्यंत क्रेटच्या तळाच्या जुड्या गरम होऊन काळवंडतात. न धुता पाठवावी, तर भाव पडतो. घरच्या बायका रात्री अकरा वाजेपर्यंत टबाशी बसलेल्या मी पाहिल्या आहेत. लेट्यूसला मल्चिंग पेपर अंथरून पाहिला, त्याने फरक पडला. दाट पेरलेल्या पालकाला मात्र तो उपाय चालत नाही. पाइपमधल्या पालकाच्या पानाला पाणी लागतच नाही. मुळे छाटली, जुडी बांधली, क्रेट कोरडा. खुरपणी सुटली, हा फायदा वेगळाच.

माती मात्र चुका पोटात घालते, पाणी घालत नाही. पहिल्या वर्षी मी कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट या खतांची घट्ट द्रावणे एकाच टाकीत ओतली. तळाला पांढरा गाळ बसला आणि पाइपला पाणी देणाऱ्या बारीक नळ्या तुंबल्या. द्रावणाचा पीएच (आम्लतेचे माप) ५.५ ते ६.५ च्या बाहेर गेला की पाने पिवळी पडू लागतात, आणि एका पाइपमध्ये मूळकुज शिरली तर फिरत्या पाण्याबरोबर ती सगळीकडे पोहोचते. एप्रिलमध्ये टाकीतले पाणी २५ अंशांच्या वर गेले, तेव्हा मुळे तपकिरी झाली आणि एक अख्खी लावण उपटून टाकावी लागली.

भांडवलाचा विचार केला, तर मेथी-कोथिंबीर पाण्यावर परवडेल असे मला वाटत नाही. ती आम्ही अजूनही रानातच करतो. ज्याचे गिऱ्हाईक ठरलेले आहे आणि स्वच्छ मालाला दोन पैसे जास्त देते, त्याने पालक, लेट्यूस किंवा बेसिलसाठी पाण्यावरच्या पद्धतीचा विचार अवश्य करावा. मात्र पाइपच्या आधी इन्व्हर्टरचा खर्च धरावा, कारण मुळांशी पाण्याचा जेमतेम पातळ थर असतो आणि उन्हाळ्यात दुपारी तासभर वीज गेली तरी पाने माना टाकतात. आमच्याकडे प्रवाह थांबला की भोंगा वाजतो. तो हटकून मध्यरात्री वाजतो आणि टॉर्च घेऊन रानात जावे लागते. तरीही जुलैतल्या टबापेक्षा मला ते जाणे परवडते.